पोकळीतला नाद

प्रस्तावना

सतार, वीणा, मृदंग यांसारखी वाद्ये आपण ऐकतो. उत्सवात आणि घरोघरी स्पीकरचे आवाजही ऐकतो. एक वस्तू परंपरेची, तर दुसरी विजेच्या युगातील. वरवर पाहता या दोहोंत काही नाते दिसत नाही. परंतु दोन्ही वस्तूंच्या पोटात एक पोकळी असते आणि नादाचे बरेचसे रहस्य त्या पोकळीत दडलेले असते. तमिळनाडूतील तंजावर येथे घराघरांतील कार्यशाळांत तयार होणारी वीणा आणि हौशी कारागिराने घरी बनवलेली सबवूफरची पेटी यांची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे. हाताचे कसब आणि पुस्तकातील शास्त्र यांचा परस्परसंबंधही त्यातून स्पष्ट होतो.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
- तंजावरी वीणेची रचना व तिच्या घडणीचे टप्पे सांगता येतील;
- पोकळीमुळे आवाजात कोणता फरक पडतो, हे स्पष्ट करता येईल;
- सबवूफरची पेटी बनवताना कोणती काळजी घ्यावी, याचे वर्णन करता येईल;
- वाद्याचे लाकूड आणि स्पीकरच्या पेटीचे लाकूड यांच्या कार्यातील फरक सांगता येईल;
- कारागिराच्या ज्ञानाचे मोल स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.

मूळ पाठ

१. कावेरीकाठचे तंजावर

कावेरी नदीच्या सुपीक खोऱ्यात वसलेले तंजावर हे बृहदीश्वराच्या भव्य मंदिरासाठी जगभर प्रसिद्ध आहे. मराठी माणसाचा या नगराशी जुना ऋणानुबंध आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ही सत्ता १८५५ पर्यंत टिकली. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आजही त्या काळाची साक्ष देतात.

या नगरात राज्यकर्ते बदलले, तरी संगीताचा आश्रय तुटला नाही. चोवीस पडद्यांच्या वीणेला आजचे स्थिर रूप नायक राजा रघुनाथ याच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळाले, असे परंपरा मानते. पुढे भोसले घराण्यातील तुळजाजीराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचेही सूर उमटू लागले. संगीताला असा आदर मिळत असता वाद्ये घडवणाऱ्या कारागिरांचीही परंपरा येथे रुजली, यात नवल नाही.

२. फणसाच्या ओंडक्यातून वीणा

तंजावरी वीणा सुमारे चार फूट लांब असते. तिचे मुख्य अंग म्हणजे ‘कुडम’. तमिळ भाषेत कुडम म्हणजे घागर. नावाप्रमाणेच हा भाग गोल, फुगीर आणि आतून पोकळ असतो. त्याला जोडून लांब दांडी असते आणि दांडीच्या टोकाला ‘याळी’ या काल्पनिक प्राण्याचे मुख कोरलेले असते. दांडीच्या वरच्या बाजूस, मागे, आणखी एक लहान भोपळा असतो. नादापेक्षा आधारासाठीच त्याचा अधिक उपयोग होतो. मांडी घालून बसलेला वादक तो डाव्या मांडीवर टेकवतो.

या वीणेसाठी फणसाचे लाकूड वापरतात. कडलूर जिल्ह्यातील पनरुटी परिसर फणसासाठी प्रसिद्ध असून तेथील लाकडाला कारागिरांची विशेष पसंती असते. फणसाचे लाकूड टिकाऊ असते, कोरण्यास सोयीचे असते आणि वाळल्यावर त्यातून खणखणीत नाद उमटतो. कोकणातही फणसाच्या लाकडाचे मोल जुन्या सुतारांना ठाऊक आहे.

प्रथम ओंडका कापून त्यावर आकार आखून घेतात. वाकसाने बाहेरचा ढोबळ गोलावा काढला जातो. नंतर पटाशीने आतील लाकूड थोडे थोडे कोरून काढतात. हा टप्पा सर्वांत नाजूक असतो. कुडमाची भिंत जाड राहिली, तर आवाज दबतो. प्रमाणाबाहेर पातळ झाली, तर लाकूड तडकण्याची भीती असते. कारागीर मधूनमधून बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करतो आणि कान देऊन ऐकतो. कोठे थांबायचे, हे त्याला तो आवाज सांगतो. एकदा जास्त निघालेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही. म्हणून या कामात घाई चालत नाही.

कुडम, दांडी आणि याळीचे मुख हे भाग वेगवेगळे घडवून जोडले जातात. मात्र काही वीणा एकाच ओंडक्यातून अखंड कोरलेल्या असतात. अशा वीणेला ‘एकांड वीणा’ म्हणतात. तिला मोठा, निर्दोष ओंडका लागतो आणि श्रमही अधिक पडतात. त्यामुळे तिची किंमतही जास्त असते.

कुडमाच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसवतात. तबलीवर घोडी उभी राहते आणि घोडीवरून तारा जातात. वीणेला एकूण सात तारा असतात. त्यांपैकी चार वाजवण्याच्या, तर बाजूच्या तीन ताल व आधारस्वर यांसाठी असतात.

शेवटचे काम पडदे बसवण्याचे. कोळशाची पूड मिसळून काळे केलेले मेण दांडीवर दोन ओळींत रचतात आणि त्यात धातूचे चोवीस पडदे रोवतात. एका सप्तकात बारा स्वरस्थाने, याप्रमाणे दोन सप्तकांची ही चोवीस स्थाने होत. पडद्याची जागा केसभर जरी चुकली, तरी स्वर बेसूर होतो. म्हणून हे काम करणाऱ्याचा हात सुताराचा आणि कान गायकाचा असावा लागतो. काळ आणि उष्णता यांमुळे मेण सैल पडते. तेव्हा पडदे पुन्हा बसवावे लागतात. अशा प्रकारे वीणा विकली गेल्यावरही कारागीर आणि वादक यांचे नाते तुटत नाही.

३. पोकळी काय करते?

एखादी तार दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडली, तर तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो. तार बारीक असते. ती कंप पावली, तरी फारच थोडी हवा हलवू शकते. तीच तार वीणेवर असली, म्हणजे तिची कंपने घोडीतून तबलीकडे आणि तेथून कुडमाकडे जातात. रुंद तबली भरपूर हवा हलवते आणि पोकळीतील हवाही तिच्याबरोबर कंप पावते. एका वस्तूच्या कंपनाने दुसरी वस्तू आपल्या स्वाभाविक गतीने जोरात कंप पावू लागते, याला ‘अनुनाद’ म्हणतात.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली, की घुमणारा खर्जाचा आवाज येतो. बाटलीत थोडे पाणी ओतून पुन्हा फुंकले, तर आवाज चढतो. पाण्याने पोकळी लहान केली, एवढाच काय तो बदल. बाटलीच्या मानेतील हवा एखाद्या वजनाप्रमाणे वरखाली हलते आणि पोटातील हवा स्प्रिंगप्रमाणे तिला ढकलते. पोकळी मोठी असेल, तर ही स्प्रिंग सैल होते आणि आवाज खाली उतरतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा सखोल अभ्यास केला. म्हणून त्यांना हेल्महोल्ट्झचे अनुनादक म्हणतात.

वीणेच्या नादाचे कोडे भारतीय शास्त्रज्ञालाही खुणावत होते. तंजावरजवळच्या तिरुचिरापल्ली येथे १८८८ मध्ये जन्मलेले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा व तंबोरा यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे जो उपस्वर स्थिर असतो, तो निर्माण होऊ नये, असा नियम तोवर मानला जात होता. वीणा आणि तंबोरा यांच्या बाबतीत मात्र तो उपस्वरही ऐकू येतो, असे त्यांनी दाखवले. याचे कारण त्यांना घोडीच्या रुंद, किंचित बाकदार पृष्ठभागात सापडले. नोबेल पारितोषिक लाभलेल्या या शास्त्रज्ञाने जे शोधून काढले, ते घडवण्याचे कसब कारागिरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होते.

पाठगत प्रश्न १

योग्य शब्द लिहून रिकाम्या जागा भरा.
(१) कुडम या तमिळ शब्दाचा अर्थ .......... असा आहे.
(२) तंजावरी वीणेला .......... पडदे असतात.
(३) एकाच ओंडक्यातून कोरलेल्या वीणेला .......... म्हणतात.
(४) पोकळी मोठी केली, की आवाज .......... .

४. घरच्या कार्यशाळेतील सबवूफर

आता विजेवर चालणाऱ्या वाद्यपेटीकडे वळू या. माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ या वारंवारतेचे आवाज ऐकू शकतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या. यांपैकी सर्वांत खालचे, म्हणजे सुमारे २० ते १०० हर्ट्झचे आवाज देण्यासाठी जो खास स्पीकर वापरतात, त्याला सबवूफर म्हणतात. मृदंगाच्या डाव्या तोंडाचा घुमारा किंवा ढोलाचा ठोका हुबेहूब ऐकू यावा, यासाठी त्याची गरज असते.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो, तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. हौदात हात सावकाश हलवला, तर पाणी बोटांच्या कडेने मागे वळते. तशीच खर्जाच्या आवाजात समोरची हवा कडेने मागे वळते आणि आवाज नाहीसा होतो. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते. तेव्हा स्पीकरभोवतीची लहानशी फळी त्याला अडवू शकत नाही. पुढचा आणि मागचा आवाज वेगळे करण्यासाठी पेटीच लागते.

पेटीचे मुख्य प्रकार दोन. पहिली पूर्ण बंद पेटी. दुसऱ्या पेटीला एक नळी बसवलेली असते. ही नळी म्हणजेच बाटलीची मान. विशिष्ट वारंवारतेला नळीतील हवा अनुनादाने हलते आणि खर्जाला बळ देते. अशा पेटीचे पेटंट अमेरिकेत आल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले.

एक उदाहरण पाहू. पेटीची आतील मापे ४० सेंमी, ४० सेंमी आणि ३७.५ सेंमी असतील, तर आतील आकारमान ६०,००० घन सेंमी, म्हणजे ६० लिटर भरते. तिला १० सेंमी व्यासाची व १५ सेंमी लांबीची नळी बसवली, तर तिची अनुनाद-वारंवारता सुमारे ४२ हर्ट्झ येते. तीच नळी १२० लिटरच्या पेटीला लावली, तर ही वारंवारता सुमारे ३० हर्ट्झ होते. आकारमान दुप्पट केले, तरी वारंवारता निम्मी होत नाही. निम्मी होण्यासाठी पेटी चौपट मोठी करावी लागते. नळी लांब केली, तर वारंवारता उतरते. रुंद केली, तर चढते.

घरी अशी पेटी बनवण्यासाठी फार मोठी यंत्रे लागत नाहीत. मोजपट्टी, गुण्या, करवत, विजेची जिगसॉ, ड्रिल, क्लॅम्प, काचकागद आणि लाकडाचा डिंक एवढे साहित्य पुरते. सामान्यतः १८ मिमी जाडीचा एमडीएफचा तक्ता वापरतात. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो :

(१) स्पीकरसोबत आलेल्या माहितीपत्रकातील आकड्यांवरून पेटीचे आकारमान ठरवावे. स्पीकर आणि नळी यांनी आत व्यापलेली जागा त्यात वेगळी मिळवावी.
(२) तक्त्याची जाडी हिशेबात धरावी. १८ मिमीचा तक्ता असल्यास बाहेरील प्रत्येक माप आतील मापापेक्षा ३.६ सेंमीने वाढते.
(३) तक्ते गुण्यात कापावेत. स्पीकरचे व नळीचे भोक जोडणीपूर्वीच पाडावे.
(४) सांध्यांना डिंक लावून क्लॅम्प आवळावेत आणि डिंक पूर्ण वाळू द्यावा.
(५) समोरासमोरच्या भिंतींमध्ये आडव्या पट्ट्या बसवाव्यात, म्हणजे भिंती थरथरत नाहीत.
(६) सर्व सांधे आतून हवाबंद करावेत. पेटी वाजत असता सांध्याजवळ ओला हात धरला, तर गळणाऱ्या हवेची झुळूक जाणवते.

एमडीएफ कापताना अतिशय बारीक भुसा उडतो; म्हणून नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा अवश्य घालावा. तारा जोडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा. नळीच्या पेटीत आणखी एक धोका असतो. अनुनाद-वारंवारतेच्या बरेच खाली गेल्यास पेटीतील हवेचा आधार सुटतो आणि स्पीकरचा पडदा मर्यादेबाहेर हलून बिघडू शकतो. खर्जाचा आवाज भिंतींतून सहज पलीकडे जातो. तेव्हा शेजाऱ्यांचा विचार करणेही कारागिराचे कर्तव्य ठरते.

५. बोलणारे लाकूड, मौन पाळणारे लाकूड

वीणा आणि सबवूफर या दोहोंत पोकळी आहे, तरी त्यांच्या लाकडाचा धर्म परस्परविरुद्ध आहे. वीणेचे लाकूड स्वतः कंप पावले पाहिजे. नाद निर्माण करणे हेच तिचे काम आणि प्रत्येक वीणेचा आवाज तिच्या लाकडामुळेच वेगळा ठरतो. याउलट स्पीकरच्या पेटीचे लाकूड मुळीच हलता कामा नये. तिने दुसऱ्याने निर्माण केलेला नाद जसाच्या तसा पोहोचवायचा असतो. भिंतीच बोलू लागल्या, तर मूळ संगीतात भेसळ होते. म्हणून वीणेचा कारागीर लाकूड कोरून पातळ करतो, तर पेटी बनवणारा जाड तक्ता घेऊन त्याला आणखी आधार देतो. टकटक करून दोघेही पाहतात. एकाला खणखणीत उत्तर हवे असते, दुसऱ्याला मुके.

६. हातातले ज्ञान आणि कागदावरचे ज्ञान

आणखी एक भेद विचार करण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या दशकात स्पीकरचे गुणधर्म थोड्या आकड्यांत कसे बांधावेत, हे दाखवून दिले. तेव्हापासून हे आकडे माहितीपत्रकात छापले जाऊ लागले. त्यामुळे कधीही गुरूजवळ न बसलेला माणूससुद्धा गणित मांडून घरी चांगली पेटी बनवू शकतो. ज्ञान कागदावर उतरले, की ते दूरवर पोहोचते.

वीणेचे ज्ञान मात्र अजून मुख्यतः हातातच आहे. पटाशी कोठे थांबवावी, हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नाही, कारण प्रत्येक ओंडका निराळा असतो. ते वडिलांजवळ बसून मुलगा शिकतो. मुलगा दुसऱ्या व्यवसायात गेला, तर त्याच्याबरोबर एक अख्खी कार्यशाळा मुकी होते. तंजावरी वीणेला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यालाही २०२४ मध्ये हा मान लाभला. मिरजेचे कारागीर लाकडाच्या घागरीऐवजी पंढरपूरकडील वाळवलेले भोपळे वापरतात. परंतु तेथेही कसब असेच हातातून हातात जाते. मानांकनामुळे नावाचे रक्षण होते, नक्कल करणाऱ्यास आळा बसतो. कसबाचे रक्षण मात्र ते शिकणाऱ्यामुळेच होते.

कागदावरचे गणित पुरेसे आहे, असेही नव्हे. सबवूफरचे सर्व आकडे बरोबर आले, तरी शेवटी पेटी खोलीत ठेवून ती ऐकावीच लागते. जागा बदलून पाहावी लागते. आकडे दाराशी आणून सोडतात. आत नेतो तो कान. जो माणूस शाळेत फार शिकला नाही, पण ज्याच्या बोटांना लाकडाची जाडी कळते, तो अडाणी नसतो. त्याच्या ज्ञानाची लिपी वेगळी असते, एवढेच. ती लिपी वाचणारे निर्माण होणे, ही आजची खरी गरज आहे.

पाठगत प्रश्न २

चूक की बरोबर ते लिहा.
(१) नळी लांब केली, तर पेटीची अनुनाद-वारंवारता उतरते.
(२) स्पीकरच्या पेटीच्या भिंती जितक्या कंप पावतील, तितके चांगले.
(३) पेटीचे आकारमान दुप्पट केल्यास वारंवारता निम्मी होते.
(४) तंजावरी वीणेला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

शब्दार्थ

ऋणानुबंध – जुने, घट्ट नाते
वाकस – लाकूड तासण्याचे सुताराचे हत्यार
पटाशी – लाकूड कोरण्याचे सपाट धारेचे हत्यार
गुण्या – काटकोन तपासण्याचे साधन
तबली – वाद्याच्या पोकळीवरील लाकडी झाकण
घोडी – तारांना आधार देणारा तबलीवरील भाग
खर्ज – खालच्या पट्टीतील, गंभीर स्वर
अनुनाद – एका वस्तूच्या कंपनाने दुसरीत निर्माण होणारे जोरदार कंपन
कसब – कौशल्य
भौगोलिक मानांकन – विशिष्ट प्रदेशातील वैशिष्ट्यपूर्ण वस्तूच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण

आपण काय शिकलो?

- तंजावरी वीणा फणसाच्या लाकडातून घडते. तिच्या भिंतीची जाडी व पडद्यांची जागा कारागिराच्या हाताने आणि कानाने ठरते.
- पोकळी जितकी मोठी, तितका तिचा स्वाभाविक आवाज खालचा असतो.
- वीणेचे लाकूड नाद निर्माण करते. स्पीकरच्या पेटीचे लाकूड स्थिर राहून नाद पोहोचवते.
- लिहिलेले ज्ञान दूरवर पोहोचते. हातातले ज्ञान टिकण्यासाठी शिकणारा लागतो.

पाठांत प्रश्न

१. वीणेचे पडदे बसवण्याच्या कामाला हात आणि कान दोन्ही का लागतात, ते लिहा.
२. पेटीशिवाय स्पीकरमधून खर्जाचा आवाज नीट का ऐकू येत नाही?
३. ‘आकडे दाराशी आणून सोडतात, आत नेतो तो कान.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या कामातील, कोठेही लिहून न ठेवलेली एक गोष्ट विचारून ती आठ ते दहा वाक्यांत लिहा.
५. उपक्रम : एकसारख्या तीन बाटल्यांत वेगवेगळ्या उंचीपर्यंत पाणी भरा. तोंडावरून फुंकर घालून आवाजातील फरक नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) घागर (२) चोवीस (३) एकांड वीणा (४) उतरतो
प्रश्न २ : (१) बरोबर (२) चूक (३) चूक (४) बरोबर